रिकामा झालेला कट्टा खेळात कसा भरवावा

सोलापुरात दहावीला वर्ग भरलेला असतो, बारावीला निम्मा होतो आणि पदवी हातात पडली की उरलेला पुण्याच्या गाडीत चढतो. कंबर तलावाच्या कडेला आम्ही नऊ जण बसायचो. आता गावात तिघं उरलोय. एक बापाचं दुकान चालवतो, एक पूर्वभागात यंत्रमागावर पाळी करतो आणि तिसरा, म्हणजे मी, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. बाकीचे हिंजवडी, हडपसर, एक तर थेट बंगळुरात.

तरी मंगळवार, गुरुवार, शनिवार रात्री साडेदहाला कट्टा भरतो. बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार असलेल्या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाच्या लॉबीत, सामन्याआधी जमायच्या जागेत. जुन्या नऊपैकी पाच जण येतात आणि खेळातच ओळख झालेले तिघं आता आमचेच झालेत. हा कट्टा आपोआप भरला नाही. दोनदा मोडला, एकदा माझ्याच हाताने. कुणाला असा गट बांधायचा असेल, जुने मित्र टिकवायला किंवा नवे जोडायला, तर आम्ही ठेच खाऊन जे शिकलो ते सगळं इथं मांडतो.

आधी एक भ्रम काढून टाकू. नुसतं ऑनलाइन खेळल्याने मैत्री होत नाही. रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1989 मध्ये 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली. घर पहिली, काम दुसरी, आणि चहाची टपरी, कटिंगचं दुकान, पार असली बिनकामाची बैठक तिसरी. 2006 मध्ये कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि दिमित्री विल्यम्स या संशोधकांनी दाखवलं की बहुखेळाडू ऑनलाइन खेळही अशी तिसरी जागा होऊ शकतात. पण त्यांचं म्हणणं नीट वाचायला हवं. असे खेळ ओळखीपाळखी रुंदावायला चांगले, खोल नातं मात्र त्यातून आपसूक उगवत नाही. म्हणजे जागा खेळ देतो, बैठक आपल्याला बसवावी लागते.

वेळ बांधा, खेळ नंतर ठरवा

बहुतेक गट इथंच चुकतात. कोणता खेळ, कोणता फोन, कुणाची रँक काय, यावर आठवडाभर चर्चा होते आणि 'कधी' या प्रश्नाला उत्तर असतं, 'ये की ऑनलाइन, बघू'. 'बघू' म्हणणाऱ्यांचा गट तीन आठवडेही टिकत नाही.

आठवड्याचे ठरलेले वार आणि ठरलेला तास. रोज नको. रोज ठेवलं की चुकवणाऱ्याला लाज वाटायची बंद होते, आणि घरात भांडणं होतात ती वेगळीच. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी मैत्रीला किती तास लागतात याचा अभ्यास केला आहे. नुसत्या ओळखीतून साध्या मैत्रीला साधारण 50 तास, मित्र म्हणावं इतक्याला 90, आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. आमचा हिशेब घाला: तीन रात्री, दोन-दोन तास, आठवड्याला सहा. साध्या मैत्रीला दोन महिने, जिवलगाला आठ महिने. आमच्यातल्या लातूरच्या पोराने स्वतःच्या घरची गोष्ट पहिल्यांदा काढली तेव्हा तो येऊन सात महिने झाले होते. हे गणित मी नंतर जुळवलं, पण जुळलं.

हॉल यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. एकत्र काम करण्यात गेलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत. गप्पा, थट्टा, मोकळा वेळ, एकत्र खेळणं, हे जमा होतं. रात्रभर तोंड आवळून रँक पुश करणाऱ्या, म्हणजे क्रमवारीत वर चढत बसणाऱ्या गटाचं काय होतं ते यावरून कळेल. तो खेळ राहत नाही, पाळी होते.

वेळ ठरली की खेळ त्यावर बेतायचा. सगळ्यांना एकाच वेळी दोन तास मिळत असतील तर बीजीएमआय. त्यातल्या एरँगल या नकाशावरचा सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो आणि मधे उठता येत नाही, कारण उरलेले तिघं लटकतात. ज्याचं बाळ कधीही उठू शकतं त्याच्यासाठी टीडीएम, म्हणजे त्याच खेळातली टीम डेथमॅच ही छोटी लढत, दहा मिनिटांत उरकते. घरी पीसी असलेल्यांना व्हॅलोरंट हा गोळीबाराचा खेळ, पण त्याला पाच लागतात आणि पाचवा माणूस हे जगातलं सगळ्यात दुर्मिळ रत्न आहे. पाळ्या जुळतच नसतील तर क्लॅश ऑफ क्लॅन्स. तिथं क्लॅनमध्ये, म्हणजे टोळीत, 50 जण मावतात, क्लॅन वॉरला एक दिवस तयारीचा आणि एक लढाईचा असतो, आपापल्या सवडीने येऊन हल्ला करायचा. आमचा मागवाला रात्रपाळीच्या महिन्यात तिकडे असतो.

चौघांच्या खेळाला सात माणसं

स्क्वॉड, म्हणजे खेळातली तुकडी, चौघांची म्हणून गट चौघांचा करू नका. एकाची पाळी, एकाचं लग्नकार्य, एकाचा फोन चार्जिंगला, की संपलं. दहाच्या वर गेलात तर दोन टोळ्या पडतात. सात-आठ बरे. जास्तीचे आले तर कुणी बाहेर बसायचं हे आधीच ठरलेलं असावं. आमच्यात जो सामन्यात सगळ्यात आधी मेला तो पुढच्या सामन्याला बाहेर. क्रूर वाटतं, पण बाहेर बसलेला कॉलवर राहतो आणि टोमणे मारतो, त्यामुळे ती जागाही आता मागून घेतात.

सगळे सारख्या ताकदीचे नसतात. आमच्यात एक जण दोन वर्षं खेळून अजून नूब, म्हणजे नवशिकाच आहे. धुराचा गोळा टाकतो, जखमेच्या पट्ट्या वाटतो, नॉक झालेल्याला, म्हणजे पडलेल्या पण अजून वाचवता येणाऱ्याला, उचलायला आगीत पळत येतो. त्याला काढा म्हणणारे होते. मी त्यांना गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजाची आठवण दिली. तो उंच ध्वज मिरवणुकीत एक जण पेलतो, फोटो त्याचा निघतो. पण तोल सांभाळणारे भोवती असतात, आणि सराव यात्रेच्या किती आधीपासून चालू असतो ते विचारा कुणालाही. विषय मिटला.

माइकची शिस्त

पूर्वभागात घरातच किंवा भिंतीपलीकडे माग असतो. आमच्या मित्राचा माइक उघडा राहिला की चौघांच्या कानात खटखट खटखट, पावलांचा आवाज ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. त्याने 'बोलताना दाब' ही सोय लावली आणि आम्ही सुटलो. तुमच्याकडे माग नसेल, कुकर असेल. तेवढंच नुकसान.

लढाईत कमी बोला आणि एका ठरल्या क्रमाने बोला: आधी दिशा, मग अंतर, मग खूण. वर होकायंत्राची पट्टी असते ती त्यासाठीच. 'एकशे वीसला, जवळ, पिवळं घर.' 'अरे तिकडं बघ की बे, त्या झाडामागं!' असं ओरडणाऱ्याला कोणतं झाड ते विचारेपर्यंत आपण मरून पेटीत गेलेलो असतो.

भाषेचं म्हणाल तर सोलापूरकराला ते शिकवायला नको. आमच्या गटात मराठी आहे, दुकानवाल्याच्या घरी कन्नड, मागवाल्याच्या घरी तेलुगू, आणि बंगळुरातल्याच्या घरी दखनी उर्दू. घाबरला की माणूस घरच्या भाषेत ओरडतो. म्हणून 'मागे' या एका शब्दाचे चारही अवतार सगळ्यांना पाठ आहेत: मागं, हिंदे, वेनका, पीछे. लातूरकर पोराला पहिल्या आठवड्यात 'वेनका' म्हणजे शस्त्राचं नाव वाटलं होतं. आता तोच सगळ्यात आधी ओरडतो.

अनोळखी माणूस आत घेताना

चांगला रँडम, म्हणजे खेळाने आपोआप जोडून दिलेला अनोळखी खेळाडू, भेटला की लगेच ग्रुपमध्ये घालायचा मोह होतो. थांबा. आम्ही तीन गोष्टी बघतो. नॉक झाल्यावर तो शिव्या देतो की जागा सांगतो? स्वतः मेल्यावर लगेच सामना सोडून जातो की उरलेल्यांचा बघत थांबतो? आणि आपल्यातल्या कच्च्या खेळाडूशी कसा बोलतो? नेम कसा आहे हे आम्ही बघत नाही, नेम येतो. चार-पाच रात्री असं खेळल्यावर मगच ग्रुप.

नवीन माणसाला पूर्ण नाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण, फोटो विचारू नका आणि तुम्हीही देऊ नका. कुणी विचारत सुटलं तर तिथंच सावध व्हा. खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी तर सख्ख्या भावालाही नाही.

मुली खेळतात, आणि बऱ्याच जणी माइक बंद ठेवून खेळतात. माझी मावसबहीण त्यातलीच. तिचा आवाज ऐकला की रँडममधलं कुणीतरी खेळ सोडून भलतंच सुरू करतं. यावर 'म्यूट कर ना' असा सल्ला तिला देणं हे आपलं काम नव्हे. गटातल्या पुरुषांनी तिथल्या तिथं त्या माणसाला अडवायचं, रिपोर्ट टाकायचा आणि सामना सोडावा लागला तरी सोडायचा. रँक जाते, जाऊ दे. हे आम्ही दोनदा केलं. तिसऱ्या खेपेपासून तिने स्वतःहून माइक उघडायला सुरुवात केली. तिला बोल म्हणून कुणी आग्रह केला नव्हता, आणि तो करूही नये.

अठराच्या आतलं पोर गटात असेल तर त्याच्या आईबापांना गट माहीत हवा, एवढी अट घाला. बीजीएमआय 2023 मध्ये परत आलं तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा घालूनच आलं. आमच्या कट्ट्यावर पोरांची रात्र साडेअकराला संपते. परीक्षेच्या महिन्यात त्याला कुणी बोलवत नाही आणि त्याच्यासमोर शिव्याही आवरत्या घेतल्या जातात. निदान प्रयत्न होतो.

सामना संपल्यावरची पाच मिनिटं

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. सामना संपला की लगेच 'रेडी' दाबू नका.

कट्टा कुठे असतो? तलावाच्या कडेला आम्ही काय करायचो? काहीच नाही. शेंगा सोलायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचं, अर्धं वाक्य बोलून गप्प बसायचं. त्या गप्प बसण्यातूनच कुणीतरी 'घरी जरा ताण चाललाय' असं म्हणायचा. खेळात तशी फट लॉबीत मिळते, दोन सामन्यांच्या मधे. लढताना कुणी स्वतःबद्दल बोलत नाही, बोलूही शकत नाही. सगळं मधल्या पाच मिनिटांत येतं.

म्हणून आम्ही नियम केला: प्रत्येक सामन्यानंतर पाणी पिऊन यायचं. खरोखर पाणी. सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की गप्पा थांबत नाहीत, नळाला किती दिवसांनी आलं, टाकी भरली का, आणि त्यातून मग बाकीचं सुरू होतं. पुण्यातले तिकडची ट्रॅफिक सांगतात, आम्ही बेचाळीस अंशांचं ऊन सांगतो. कुणाला काढून टाकलं, कुणाच्या आईची शुगर वाढली, कुणाला स्थळ आलंय, हे सगळं मला अशाच वेळी कळलंय. मुद्दाम 'कसा आहेस, खरं सांग' असं विचारलं की पोरं 'मस्त' म्हणतात. हात खेळातल्या पात्राचे कपडे बदलण्यात आणि स्किन बघण्यात गुंतलेले असताना तीच पोरं खरं बोलतात. नजर समोरच्याकडे नसते ना. दोघं मिळून गाडी धुताना बोलणं होतं तसंच.

हरल्यावर ही पाच मिनिटं आणखी लागतात. 'तुझ्यामुळे मेलो' हे वाक्य सगळ्यांच्या जिभेवर असतं. आमच्याकडे हरल्यावर पहिला बोलायचा मान ज्याची चूक झाली त्याचा. तो स्वतःच सांगतो, 'मी उगाच पुलावर गेलो बे.' मग बाकीचे हसतात आणि प्रकरण मिटतं. तो कबूल झाला नाही तर? तर कुणी काढायचं नाही. फार अवघड नियम आहे, महिन्यातून एकदा तरी मोडतो.

भांडण झालंच तर

होईलच. दोन गोष्टी पुरतात: भांडण ग्रुपवर लिहून करायचं नाही, फोन करून करायचं. आणि त्याच रात्री करायचं नाही. लिहिलेलं वाक्य उद्या सकाळी चहासोबत पुन्हा वाचलं जातं आणि आणखी कडू लागतं.

चीट वापरणाऱ्याला मात्र सवलत नको. हॅक लावून जिंकणारा मित्र आपल्यालाही चोरीच्या मालाचा वाटेकरी करतो, आणि खाती बंद होण्याची भीती सगळ्यांनाच राहते.

गटाचा पत्ता खेळाच्या बाहेर ठेवा

आता माझी चूक. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने 118 ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. टाळेबंदीत आमचा गट तिथंच फुलला होता. जुने कट्टेकरी फोनवर होतेच, पण खेळातले सहा मित्र फक्त खेळाच्या मित्रयादीत होते. नंबर गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. खेळ लगेच बंद पडला नव्हता. ज्यांच्या फोनमध्ये होता त्यांचा 30 ऑक्टोबरपर्यंत चालत राहिला. म्हणजे जवळजवळ दोन महिने मिळाले होते. मी रोज म्हणायचो, आज घेतो. 30 तारखेनंतर सहापैकी दोघं सापडले. उरलेल्या चौघांची खरी नावंही आम्हाला ठाऊक नाहीत. एक जण विड्यांच्या कारखान्याबद्दल बोलायचा, म्हणजे इथलाच असावा. कदाचित सात रस्त्याला माझ्या शेजारी गाडी लावत असेल.

पुढे 2 जुलै 2021 ला बीजीएमआय आलं, 28 जुलै 2022 ला ॲप स्टोअरवरून गायब झालं, मे 2023 मध्ये परतलं. मधेच 14 फेब्रुवारी 2022 ला फ्री फायर गेलं. खेळ येतात, जातात. म्हणून गट टिकेलसं वाटलं की पंधरा दिवसांच्या आत व्हॉट्सॲप किंवा डिस्कॉर्डवर घर करा. ज्याला नंबर द्यायचा नाही त्याच्यासाठी डिस्कॉर्ड बरं, तिथं टोपणनावावर भागतं. दोन जणांना ॲडमिन करा, एकावर ठेवू नका. एकावर म्हणजे माझ्यासारख्यावर.

पैशाचं थोडक्यात

खेळातल्या मित्राला उधार द्यायचं असेल तर परत येणार नाही असं धरून द्या. स्वस्तात यूसी (खेळातलं चलन), खातं विकत घ्या, पैसे लावून कस्टम रूम, असले निरोप ग्रुपवर आले की पाठवणाऱ्याला बाहेर काढा. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आलीच आहे. फसवणूक झाली तर 1930 या हेल्पलाइनला तातडीने फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त. नंबर विसरायची सोय सोलापूरकराला नाही. इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला ते साल आहे ते.

भेट

पहिली भेट दिवसाढवळ्या, गर्दीत, आणि दोघांपेक्षा जास्त जण असताना. आम्ही जानेवारीत गड्डा यात्रेला भेटतो, पुण्याची पोरं तशीही संक्रांतीला घरी येतात. लातूरचा आणि धाराशिवचा एसटीने येतात. होम मैदानावरच्या पाळण्यात बसून झालं की कुणाच्या तरी घरी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. पहिल्या भेटीत पंधरा मिनिटं भयंकर अवघडलेपण असतं हे आधीच सांगून ठेवतो. रोज रात्री कानात बोलणारा माणूस समोर उभा राहतो आणि त्याचा चेहरा आवाजाला शोभत नाही. फोन काढून एक टीडीएम खेळा, बाजूबाजूला बसून. अवघडलेपण जातं.

जो आला नाही त्याची चौकशी

नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा तरुण होता. स्नायू झिजत जाण्याचा आजार, व्हीलचेअर. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळण्यात त्याचे दिवस जात. पोराला मित्र नाहीत याचं आईवडिलांना दुःख. 2014 मध्ये तो पंचविसाव्या वर्षी गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ही बातमी लिहिली आणि इमेलवर इमेल येऊ लागले, तो कुणाला कसा समजून घ्यायचा, कुणाच्या पाठीशी कसा उभा राहायचा हे सांगणारे. त्याच्या गिल्डमधले, म्हणजे खेळातल्या गटातले काही जण देश ओलांडून अंत्यविधीला आले. घरच्यांना तो किती माणसांचा होता हे तेव्हा कळलं.

त्या घराला ते उशिरा कळलं. आपल्या गटापुरतं उशिरा होऊ नये म्हणून आमची पद्धत सांगतो. न कळवता सलग दोन रात्री कुणी आला नाही तर तिसऱ्या दिवशी एक जण फोन करतो. 'का आला नाहीस' असं विचारत नाही, 'शनिवारी जागा धरू का' एवढंच. कुणी फारच खचलेला वाटला तर आपण डॉक्टर व्हायचं नाही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत नंबर द्यायचा आणि तो फोन लावेपर्यंत कॉलवर राहायचं.

गेल्या वर्षी मागवाला दोन रात्री आला नाही. फोन बंद. तिसऱ्या दिवशी दुकानवाला त्याच्या घरी गेला. उजव्या हाताची दोन बोटं मागात सापडली होती, प्लास्टर होतं, आणि 'आता मी काय खेळणार' म्हणून त्याने फोन कपाटात ठेवून दिला होता. आम्ही चौथ्या जागेवर कुणाला घेतलं नाही. पुढच्या मंगळवारी साडेदहाला तो आला. डाव्या हाताने कसाबसा विमानातून उडी मारायचा, उतरल्या उतरल्या मरायचा, आणि मग अर्धा तास आमचा सामना बघत कानात ओरडत राहायचा, 'वेनका, वेनका! अरे मागं बघ की बे!'